जावांच्या कादंबरीचा घोटाळा आणि मी, एक फळा

मी एक जुना फळा आहे. हैदराबादच्या सुलतान बाजारात कापडाच्या एका दुकानावरच्या माडीवर आमचं छोटंसं मराठी वाचनालय आहे, तिथल्या भिंतीवर मी असतो. आजवर माझ्या अंगावर इतक्या पुस्तकांबद्दल लिहिलं गेलंय की विचारू नका. पण मित्रांनो, मी स्वतः एकही पुस्तक वाचलेलं नाही. कसं वाचणार? ती समोरच्या कपाटात, आणि मी खिळ्याला टांगलेला. पुस्तकांच्या आत काय असतं ते मला लोक सांगतात तेवढंच ठाऊक, आणि लोक कधी एक सांगत नाहीत. त्यामुळे मी कायम गोंधळलेला असतो. सांगता सांगता कुठे अडलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अफझलगंजच्या मागे, मुसी नदीच्या अंगाला असलेल्या एका लाकडाच्या वखारीत झाला. उमाजी नावाच्या सुताराने मला घडवलं. तो नांदेडकडचा. सागाच्या फळ्या जोडून, घासून, त्यावर काळा रंग चढवून त्याने माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "पोरांच्या कामाचं हाय, खडू कुठं अडकाया नको." तरी खाली उजव्या कोपऱ्यात एक गाठ राहिलीच. तिथे खडू अजून अडकतो, आणि लिहिणारा मलाच नावं ठेवतो.

पहिल्यांदा मी गेलो एका लहानशा मराठी शाळेत. तिथे कुसुमताई मराठी शिकवायच्या. लग्न होऊन त्या पुण्याकडून इथे आल्या होत्या. उंच, ताठ, आवाजात जरब, आणि अक्षर असं की पोरं वहीत उतरवण्याऐवजी नुसती बघत बसायची. त्यांचा हात मला इतका ओळखीचा झाला की त्यांनी खडू टेकवला तरी कळायचं, आज बाई खुशीत आहेत की कुणाचं काही खरं नाही. पुढे आईबापांना इंग्रजी शाळांची ओढ लागली. मराठीच्या वर्गात पोरं कमी कमी होत गेली, आणि एक दिवस शाळाच बंद झाली. बाकं कुणी कुणी नेली. मला मात्र नामदेवरावांनी सायकल रिक्षावर घालून वाचनालयात आणलं.

नामदेवराव म्हणजे आमच्या वाचनालयाचे सर्वेसर्वा. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतकऱ्याच्या घरातले, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मराठी बोलताना मधूनच दखनी उर्दू बोलणारे आणि चहा बशीत ओतून पिणारे. त्यांनी मला भिंतीवर चढवलं आणि एक नियम करून टाकला. रविवारी पुस्तक परत करायचं, तर आधी फळ्यावर त्याबद्दल दोन ओळी लिहायच्या, खाली नाव घालायचं, मगच नवं पुस्तक मिळेल. शनिवारी सगळं पुसायचं. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "हौ, वाचलं म्हणता ना? मग सांगा की कसं हाय ते. आमाला बी कळू द्या."

झालं, तिथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. एकच पुस्तक. आमचे जुने सभासद दत्तोबा, त्यांनी लिहावं, 'डोळ्यांत पाणी आले.' पुढच्या रविवारी त्याच पुस्तकाबद्दल विजय नावाच्या दुसऱ्या सभासदाने लिहावं, 'दुपारी झोपायला उत्तम.' मग मी काय समजायचं? ते रडवणारं आहे की झोपवणारं? एका बाईंनी एकदा लिहिलं, 'पहिली शंभर पाने सोसा, पुढे सोने आहे.' दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं की पहिली शंभर पानंच काय ती चांगली, पुढे लेखकाचं मन उडालेलं दिसतं. नामदेवराव स्वतः प्रत्येक पुस्तकाला 'वाचनीय' लिहायचे. न वाचलेल्यालाही लिहायचे, असा मला दाट संशय आहे.

या सगळ्या गलक्यात एकच माणूस असं होतं की त्यांनी लिहिलं म्हणजे लिहिलं. कुसुमताई. शाळा सुटली तरी आम्ही सुटलो नाही. दर रविवारी त्या दिलसुखनगरहून यायच्या, माझ्या डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात लिहायच्या, आणि ती जागा दुसरं कुणी घेत नसे. लिहायच्याही कशा, तर पुस्तक तोलून. काय बरं आहे, काय फसलंय, कुणी वाचावं, कुणी वाचू नये. त्या लिहीत असताना मागे लोक उभे राहायचे आणि खडू खाली ठेवायच्या आत कपाटाकडे पळायचे. त्या पुस्तकाला मग महिना महिना नंबर लागायचे. ताईंचा शब्द हा आमच्या वाचनालयातला शेवटचा शब्द होता.

मग काळ फिरला. गच्च्यांवर केबलच्या थाळ्या आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ आले, खालच्या कापडवाल्याने परदेशी पेयांचा फ्रीज दारात आणून ठेवला. लोक म्हणायचे, देश उघडला. मला वाटलं, चांगलंच झालं, आता पुस्तकंही जास्त उघडतील. पण झालं उलटंच. रविवारी सकाळी टीव्हीवर काही ना काही असायचं आणि आमचा जिना रिकामा राहायचा. दुसरीकडे पुण्यामुंबईकडून कॉम्प्युटरच्या नोकरीवाली नवी मंडळी शहरात उतरायला लागली. त्यांतलीच एक अश्विनी. तिचा नवरा अभिजीत दिवसभर त्याच्या कंपनीत, आणि ही सुलतान बाजार पायी पालथा घालत आमच्या जिन्यापर्यंत पोचली. वाचणारी पोर. बोलायला मात्र फटकळ. पहिल्याच रविवारी तिने एका थोर समजल्या जाणाऱ्या पुस्तकावर लिहिलं, 'भाषा सुंदर, माणसे खोटी.' दत्तोबा आठवडाभर धुसफुसत होते.

आता खरी गोष्ट. त्याच सुमारास कुसुमताईंचं अक्षर बदललं. वळण तेच, पण ओळ वर चढायला लागली. एक अक्षर दुसऱ्यावर बसायला लागलं. लिहिण्याआधी त्या माझी चौकट बोटांनी चाचपायला लागल्या. मी चक्रावलो. मला वाटलं, भिंतच तिरकी झाली की काय. लोकांना काहीच दिसलं नाही. ताई लिहितायत म्हणजे बरोबरच असणार.

ताईंबरोबर आता त्यांची सून यायला लागली होती, त्रिवेणी. हैदराबादेतच जन्मलेली. घरची मराठी, पण शाळा तेलुगू. बोलायला गोड, बोलण्यात तेलुगू आणि दखनी मिसळलेली, आणि दारापाशीच्या स्टुलावर अंग चोरून बसणारी. ताई जिना चढायच्या तेव्हा ती एक पायरी मागे असायची. हात धरायला गेली तर ताई झटकून टाकायच्या.

आणि ताईंचे अभिप्राय. काय सांगू, मित्रांनो. ते एकदम रंगायला लागले. एका रटाळ म्हणून बदनाम असलेल्या चरित्रावर त्यांनी लिहिलं की त्यातला भावाभावांच्या भांडणाचा प्रसंग पोट धरून हसायला लावतो. लोकांनी चरित्र नेलं. भावांचं भांडण कुणालाच सापडलं नाही. आता कुणाही शहाण्या माणसाने काय म्हणावं? ताईंची काहीतरी गफलत झाली म्हणावं. पण आमची माणसं तशी नव्हेत. ताई चुकतील कशा? विजयने माझ्यावर लिहिलं, 'ताई म्हणतात तो प्रसंग मला दिसला नाही. बहुधा माझेच लक्ष नव्हते.' नामदेवरावांनी तर पुस्तकाची शिवण तपासली आणि बाइंडरने पानं गाळली म्हणून त्या बिचाऱ्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

मग आली ती दोन जावांची कादंबरी. निळ्या पुठ्ठ्याची, चांगली जाडजूड, कोकणातल्या एका घराची कथा. ताईंनी तिच्यावर लिहिलं: 'दोघी जावा आयुष्यभर भांडतात आणि शेवटी दोघी मिळून एसटी स्टँडपाशी चहाचे दुकान काढतात. तो शेवट केवळ अप्रतिम. चहाबरोबर आपल्या हैदराबादची उस्मानिया बिस्किटे देण्याची कल्पना तर खासच. अवश्य वाचा.'

लोक तुटून पडले, आणि नामदेवरावांनी त्या कादंबरीबद्दलचं लिहिलेलं शनिवारी पुसणंही बंद केलं. जो तो कादंबरी नेऊ लागला आणि गोंधळलेला चेहरा घेऊन परत येऊ लागला. चहाचं दुकान कुठे आहे? पण बोलायचं कुणी? ज्याला सापडलं नाही तो मूर्ख ठरणार. दत्तोबांनी मात्र कमाल केली. ते चारचौघांत म्हणाले, "ते बिस्किटांचं काय बारकाईनं लिहिलंय हो. लेखिकेचा अभ्यास दिसतो." झालं. मग बाकीच्यांनाही दुकान सापडायला लागलं. एकाने बिस्किटांवर लिहिलं, एकाने चहाच्या वाफेवर. माझं सगळं अंग त्या चहाच्या दुकानाने भरलं आणि मी अगदी निश्चिंत झालो. इतके लोक एकच सांगतायत असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

एकटी अश्विनी माझ्यासमोर कपाळाला आठ्या घालून उभी राहायची. तिने ती कादंबरी पुण्यातच वाचलेली होती.

दिवाळी जवळ आली. आमच्याकडे दिवाळी अंकांचं पार्सल येतं त्या रविवारी झाडून सगळे सभासद हजर असतात. तो दिवस आमचा सण. फराळाचे डबे येतात, अंकांच्या नंबरावरून रुसवेफुगवे होतात, आणि कुसुमताई वर्षातल्या आपल्या आवडत्या पुस्तकावर बोलून त्यातलं एखादं पान वाचून दाखवतात. त्या वर्षी ताई म्हणाल्या, मी बोलेन, पण वाचणार नाही, घसा बसतो हल्ली. नामदेवराव म्हणाले, "त्यात काय परेशानी? अश्विनीबाईंना वाचू द्या. चहाच्या दुकानाचं पान काढा म्हणावं."

त्या आठवड्यात एका दुपारी अश्विनी ती निळी कादंबरी घेऊन माझ्यासमोरच्या टेबलाशी बसली होती. शेवटची पानं ती पुन्हा पुन्हा उलटत होती. नामदेवराव खाली चहाला गेले होते. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि त्रिवेणी आली, एकटीच. धापा टाकत होती.

"त्यात ते दुकान नाही," ती आल्या आल्या म्हणाली. "शोधू नका. मी घातलंय ते."

अश्विनीने तिला बसवलं, पाणी दिलं. मग माझ्यासमोर त्या मुलीने सगळं सांगितलं. ताईंना काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाणार. घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही अशी ताईंची सक्त ताकीद. पुस्तकाशिवाय राहवत नाही, म्हणून त्यांनी सुनेला वाचून दाखवायला सांगितलं.

"मला देवनागरी येते ना, शाळेत हिंदी होतं," त्रिवेणी म्हणाली. "पण ही पुस्तकातली मराठी... एकेक ओळ वाचायला मला इतका वेळ लागतो. मी अडखळले की आईंच्या चेहऱ्यावर आठी येते. मराठीच्या बाई त्या. त्यांच्या सुनेला धड मराठी वाचता येत नाही, हे कसं सांगू? मग मी पहिल्या दोन ओळी वाचायची, नंतर पानावर नजर टाकून जे समजलं ते सांगायची, आणि नाही समजलं ते..." तिने पदराने घाम पुसला. "आई हसायच्या हो. खूप हसायच्या. मग मला सवयच झाली."

"आणि हे? याचा शेवट तर सोपा आहे वाचायला," अश्विनी म्हणाली.

त्रिवेणीने ते निळं पुस्तक मिटून बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "शेवट मी पूर्ण वाचला. मनात. ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले की काही इलाज नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पानावर होतो. थोरल्या जावेचे डोळे जातात. घरचे तिला मागच्या खोलीत ठेवतात. कुणी तिच्याशी बोलत नाही, तशीच मरते ती. हे मी कोणत्या तोंडाने वाचू आईंपुढे? म्हणून दुकान काढलं दोघींचं."

मित्रांनो, मी ऐकत होतो आणि मला काही सुधरेना. म्हणजे इतके दिवस माझ्या अंगावर जे होतं ते खोटं? पण लबाडीचं खोटं तर नव्हे. मग त्याला काय म्हणायचं? खडूने लिहिलेलं खरं असतं, असं मला शाळेत असल्यापासून वाटत आलं होतं.

"हे पुस्तक वाचू नका रविवारी," त्रिवेणी हात जोडून म्हणाली. "आईंच्या शब्दाला इथे मान आहे. आता त्यांच्याजवळ तेवढंच उरलंय. माझ्यामुळे लोक हसले तर त्या पुन्हा हा जिना चढणार नाहीत."

अश्विनी म्हणाली, "नसलेलं पान मी वाचणार नाही, वहिनी. आणि तुमच्या सासूबाईंना उघडंही पाडणार नाही. मी वाचत नाही एवढंच सांगेन. पुढचं तुम्हालाच बघावं लागेल." त्रिवेणी मान हलवून निघून गेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि रविवारपर्यंत माझ्या जिवाला घोर लागला.

रविवारी माडी भरून गेली. चिवड्याचा वास, कोऱ्या अंकांचा वास, आणि गलका. ताई ठरल्याप्रमाणे उभ्या राहिल्या आणि त्या कादंबरीवर इतकं सुरेख बोलल्या की काय सांगू. भांडणाऱ्या माणसांनासुद्धा एकमेकांची सवय लागते, आणि सवयीतून कधी माया होते ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या. बोलणं संपलं. नामदेवरावांनी पुस्तक अश्विनीपुढे धरलं. ती म्हणाली, मला आज नको. नामदेवरावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पुस्तक दाराकडे नेलं. "सूनबाई, तुम्ही वाचा मग. घरचंच माणूस."

त्रिवेणी उठली. पुस्तक तिच्या हातात आलं. आता मी सांगतो ते नीट ऐका. लोकांना फसवणं तिला अगदी सोपं होतं. दुकानाची गोष्ट तिला तोंडपाठ होती, आणि इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी तर ती 'वाचलेली'च होती. ती घडाघडा बोलली असती तर टाळ्या पडल्या असत्या. ताई समोरच्या खुर्चीत डोळे मिटून, मान पुढे काढून बसल्या होत्या, तेच ऐकायला.

त्रिवेणीने पान उघडलं आणि वाचायला लागली. अडखळत, एकेक शब्द फोडून, बोट ओळीखाली धरून. पहिलीच ओळ थोरल्या जावेच्या डोळ्यांची होती. एक शब्द चुकला, तो तिने पुन्हा वाचला. मागे कुणीतरी खोकलं. मागची खोली आली. दाराबाहेर ठेवलेलं ताट आलं. दत्तोबा दिवाळी अंकात तोंड घालून बसले. मला वाटलं ती थांबेल, पण ती पान संपेपर्यंत वाचत राहिली. मग तिने पुस्तक मिटलं.

कुसुमताई डोळे उघडून म्हणाल्या, "दुकान कुठे आहे?"

"नाही त्यात. मी सांगितलं होतं ते."

"बाकीच्या पुस्तकांत?"

"बऱ्याच ठिकाणी मीच, आई."

"आणि हे का बदललंस? हे तर तुला वाचता येत होतं."

"तुमचे डोळे..." एवढंच ती बोलली, आणि सगळ्या माडीला कळलं. ज्या गोष्टीची ताईंनी इतके दिवस राखण केली होती, ती आता सगळ्यांसमोर होती. त्रिवेणी रडायला लागली. "घरी आपल्या दोघींत होतं तोवर चाललं. इथे चारचौघांत तुमच्या नावावर खोटं वाचवेना मला."

ताई उठल्या. मला वाटलं आता त्या जिना उतरणार आणि परत कधी येणार नाहीत. पण त्या माझ्याकडे आल्या. चौकट चाचपली, डावा कोपरा शोधला, आणि दुकानाचा तो अभिप्राय त्यांनी तळहाताने पुसून टाकला. मग खडू घेऊन लिहिलं, 'ही कादंबरी मी वाचलेली नाही. कुसुम.' माझ्या उभ्या आयुष्यात असा अभिप्राय कुणी लिहिला नव्हता. लोकांनी न वाचता पुष्कळ लिहिलंय. न वाचल्याचं कुणी लिहिलं नव्हतं.

मग त्या सुनेकडे वळल्या. राग होता त्यांच्या आवाजात, मी तो ओळखतो. "तुझी गोष्ट छान होती. मी हसले, ते खरं हसले. पण त्रिवेणी, मला आता तुझ्या डोळ्यांनीच बघायचंय. पुढे खड्डा असला तर तू मला खड्डाच सांगायला हवास. बाग म्हणून सांगितलीस तर मी पडेन ना."

"मला वाचता येत नाही नीट, आई."

"दिसलं आत्ता. अडखळ. मी थांबेन. पोरांसाठी जन्मभर थांबले, तुझ्यासाठी नाही थांबणार? पहिल्या पानापासून सुरू करू."

त्या दिवशी फराळाचे डबे अर्धेच रिकामे झाले. पण ताईंना कुणी हसलं नाही. विजय येऊन हळूच म्हणाला, "ताई, मलाही ते दुकान सापडलं नव्हतं." मग एकेक जण कबूल करायला लागला आणि जरा मोकळं हसू झालं. दत्तोबा मात्र त्या दिवशी लवकर घरी गेले.

ती कादंबरी त्या दोघी घरी घेऊन गेल्या, ती संक्रांत उलटून गेली तरी परत आली नाही. नामदेवरावांनी एकदाही मागितली नाही. एका रविवारी दोघी आल्या. ताईंनी चाचपून आपला कोपरा गाठला आणि लिहिलं: 'आता वाचली. शेवट क्रूर आहे, पण खरा आहे. माणसे अशीच वागतात. अवश्य वाचा.' मग खडू त्रिवेणीपुढे धरला. "वाचलंस तूच. नियम तुलाही आहे."

त्रिवेणीने खडू घेतला. सावकाश, शाळेतल्या पोरीसारखी, एकेक अक्षर घोटत तिने ताईंच्या शेजारी लिहिलं. ताईंना दिसत नव्हतं, म्हणून नामदेवरावांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं: 'शेवट मला पटला नाही. आमच्या घरात असे होणार नाही. त्रिवेणी.'

ताईंनी खडूची बोटं पदराला पुसली. मग म्हणाल्या, "हा काही पुस्तकावरचा अभिप्राय झाला नाही." आणि पाठोपाठ म्हणाल्या, "नामदेवराव, या शनिवारी हे पुसू नका." आणि जिन्याकडे जाताना त्यांनी स्वतःहून हात पुढे केला. त्रिवेणीने तो धरला.

तर मित्रांनो, मी अजूनही गोंधळलेलाच आहे. शेवट खरा आहे म्हणणारीचं बरोबर, की पटला नाही म्हणणारीचं? मला दोन्ही पटतात, हीच तर माझी अडचण. एवढं मात्र तुम्हाला सांगतो. पुस्तक वाचलं असेल तर तुम्हाला जसं वाटलं तसंच लिहा, शेजाऱ्याचं बघून लिहू नका. वाचलं नसेल तर वाचलं नाही म्हणून लिहा, त्याने कुणाचं नाक कापलं जात नाही. आणि दुसऱ्याचं मत पुसून आपलं लिहू नका, त्याच्या बाजूला लिहा. खडू इथेच पट्टीवर असतो. जिना थोडा अंधारा आहे, पण वर दार उघडं असतं. माझ्यावर जागा पुष्कळ आहे, हल्ली तर फारच.